ज्याची साक्ष त्याने द्यावी

जर्मन न्यायाधीश डॅनियल पॉल श्रेबर यांनी मनोरुग्णालयात असताना आपल्या भ्रमांची हकीकत तपशीलवार लिहिली. आपल्यावर नेमलेलं पालकत्व रद्द व्हावं म्हणून ते स्वतः कोर्टात लढले आणि १९०२ साली जिंकले. पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. १९११ मध्ये फ्रॉइडने त्या पुस्तकावरून, श्रेबर यांना एकदाही न भेटता, आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. कोर्टाने ज्याचं म्हणणं ऐकलं, तो माणूस वैद्यकाच्या इतिहासात ‘केस’ होऊन राहिला. मनोरुग्णाच्या आत्मकथनावर हे संकट कायमच असतं. वाचणारा त्यात आधी लक्षणं शोधतो.

अमेरिकेच्या क्लिफर्ड बीअर्स यांच्या वाट्याला वेगळं आलं. रुग्णालयांत खाल्लेला मार आणि हातपाय जखडून काढलेल्या रात्री त्यांनी ‘अ माइंड दॅट फाउंड इटसेल्फ’मध्ये मांडल्या. वर्ष होतं १९०८. त्याच वर्षी त्यांनी कनेक्टिकटमध्ये मानसिक आरोग्याची संस्था काढली आणि वर्षभरात देशपातळीवरची समितीही उभी राहिली. माझ्या मते या पुस्तकाचं बळ तक्रारीच्या नेमकेपणात आहे.

न्यूझीलंडच्या जॅनेट फ्रेमची गोष्ट वाचताना तर अंगावर काटा येतो. स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसलेल्या या तरुणीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करायचं ठरलं होतं. तेवढ्यात तिच्या कथासंग्रहाला पुरस्कार मिळाल्याचं रुग्णालयाच्या प्रमुखांनी वाचलं आणि शस्त्रक्रिया टळली. पुढे लंडनच्या डॉक्टरांनी सांगितलं, तिला तो आजार कधी नव्हताच. तिच्याच वॉर्डात पुरस्कार न मिळालेल्या बायकाही होत्या. त्यांचा विचार माझा पाठलाग सोडत नाही. पुढच्या काळात ज्यांनी आपल्या आजाराबद्दल उघडपणे लिहिलं, ते विल्यम स्टायरन नामवंत कादंबरीकार होते आणि के रेडफिल्ड जेमिसन मनोविकारशास्त्राच्या प्राध्यापक. जेमिसन यांनासुद्धा १९९५ मध्ये आपला बायपोलर आजार जाहीर करताना व्यवसाय गमावण्याची धास्ती होती.

आपल्याकडे या विषयावर बोललं गेलं, पण बहुतेक वेळा शेजारच्या खुर्चीतून. ‘देवराई’ चित्रपटाने स्किझोफ्रेनिया मराठी पडद्यावर आणला, तो भावाची काळजी वाहणाऱ्या बहिणीच्या जिवाची घालमेल दाखवत. जेरी पिंटो यांच्या इंग्रजी कादंबरीतल्या मनोरुग्ण एमची कहाणी तिचा मुलगा सांगतो. शांता गोखले यांनी ती मराठीत आणली, हे आपलं भाग्यच. पुण्यात राहणाऱ्या रेश्मा वल्लिअप्पन यांनी आपला स्किझोफ्रेनिया स्वतःच मांडला, पण इंग्रजीत. ज्या भाषेने १९७८ मध्ये ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन वाचलं, चारचौघांत लपवायचं म्हणून शिकवलेलं जगणं साहित्य म्हणून स्वीकारलं, त्या भाषेला ही कथनं पेलणार नाहीत, असं मी मुळीच मानत नाही. अडचण घरात आहे. मुलीचं लग्न, भावाची नोकरी, ‘लोक काय म्हणतील’. लिहिणाऱ्याच्या एका पानाची किंमत सगळं कुटुंब मोजतं. म्हणून न लिहिणाऱ्याला भित्रा म्हणायला मी तयार नाही.

मात्र एका लिखाणाला आता कायद्याचं पाठबळ आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. आपल्याला मानसिक आजार झाल्यास कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलावं, हे कोणाही सज्ञान व्यक्तीला आधीच लेखी नोंदवून ठेवता येतं. पूर्वी आजार झालेला असला, उपचार घेतलेले असले, तरी हा अधिकार जात नाही. तातडीचे उपचार सोडले, तर डॉक्टरांनी त्या लेखाप्रमाणे चालायचं असतं. तो अमान्य असेल, तर त्यांना किंवा नातलगांना कायद्याने नेमलेल्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करून कारण द्यावं लागतं.