पडदा कोणी ओढायचा?

नाटकाची तिसरी घंटा झाली की पडदा सरसर वर जातो. दोरी ओढणारा माणूस कोणाला दिसत नाही आणि त्याची कोणाला आठवणही होत नाही. घरच्या खिडक्यांचेही तसेच आहे. सकाळी कोणीतरी पडदे वर करते, दुपारी ऊन आले की कोणीतरी खाली सोडते, दिवेलागणीला पुन्हा कोणीतरी सारखे करते. हे ‘कोणीतरी’ बहुधा घरातली बाईच असते, हे माझ्या भगिनींना वेगळे सांगावयास नको!

आता हे काम मोटर करू लागली आहे. बटन दाबले की पडदा गुंडाळत वर जातो, सूर्य कलला की आपण होऊन खाली येतो. ‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणून पुष्कळजण ही गोष्ट हसण्यावारी नेतात. परंतु आमच्या तीन खोल्यांच्या घरात ती आली ती चोचले म्हणून नव्हे. तिच्यामुळे घरात एक वादही झाला, आणि तो वादच मला मोटरीपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

साखळी आणि हात

गुंडाळीचा पडदा तसा जुनाच. अमेरिकेत स्टुअर्ट हार्टशॉर्न या गृहस्थाने १८६४ साली स्प्रिंगच्या रुळावर गुंडाळणाऱ्या पडद्याचे पेटंट घेतले. आज आपल्याकडे फ्लॅटमधून दिसतो तो बहुधा मण्यांच्या साखळीचा. अॅल्युमिनियमची नळी, तिच्यावर गुंडाळलेले कापड, खाली वजनाची पट्टी आणि एका टोकाला चाकावरून फिरणारी साखळी. ही साखळी ओढण्याला दोन्ही पाय धड लागतात आणि निदान एक हात तरी जोरकस लागतो.

माझे सासरे अण्णा यांना अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू पुरती सावरलेली नाही. त्यांची खोली पश्चिमेची. खाट भिंतीला लागलेली आणि साखळी नेमकी पलीकडच्या कोपऱ्यात. एप्रिलमधल्या एका दुपारी मी कचेरीतून लवकर घरी आले, तर ऊन थेट त्यांच्या तोंडावर पडलेले आणि सदरा घामाने भिजलेला. फोन हाताशीच होता.

“अण्णा, मला नाही तरी शेजारच्या काकूंना हाक मारायची!” मी म्हटले.

“सूनबाई, पाणी मागतो, औषध मागतो, आता ऊनसावलीही मागू का?” ते म्हणाले.

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. त्या रात्री आम्ही मोटरीची चौकशी सुरू केली.

नळीच्या पोटातली मोटर

असलेल्या पडद्याला मोटर बसविण्याचे मार्ग दोन. पहिला सोपा: भिंतीवर एक डबी ठोकावयाची आणि तिच्या दातेरी चाकावर जुनीच साखळी चढवावयाची. माणसाऐवजी डबी साखळी ओढते. पडदा काढावा लागत नाही, म्हणून भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना ही युक्ती बरी. मात्र साखळी ताणलेली राहावी लागते, आणि तिच्या मण्यांचे माप चाकाच्या खाचांशी जुळावे लागते.

दुसरा मार्ग अधिक नेटका. लांबट, बारीक मोटर पडद्याच्या नळीच्या पोटातच शिरते. तिचे डोके भिंतीवरच्या कंसात घट्ट बसते, म्हणून ते फिरत नाही. आतल्या टोकाचे चाक फिरते आणि ते नळीला घेऊन फिरते. डोक्याशी एक सैल कडे असते. ते नळीबरोबर फिरून किती फेरे झाले याचा हिशेब मोटरीला कळविते. त्यावरून वर कोठे थांबावयाचे आणि खाली कोठे, या दोन मर्यादा एकदाच ठरवून दिल्या की काम झाले. बाहेरून काहीही दिसत नाही. साखळी मात्र नाहीशी होते.

साखळी जाणे हा लहान मुलांच्या घरात मोठाच लाभ. लोंबणारा फास मुलाच्या गळ्यात अडकून जीव गेल्याच्या घटना परदेशांत इतक्या झाल्या, की अमेरिकेत डिसेंबर २०१८ पासून दुकानात तयार मिळणारे पडदे दोरीवाचून असावेत असा दंडक लागू झाला. आपल्या घरी साखळी असेल तर ती निदान भिंतीला खिळवून ताणलेली ठेवावी आणि पाळणा खिडकीपासून दूर सरकवावा.

शक्ती किती हवी?

आमच्या चिरंजीवांनी आधी आपल्या प्रयोगपेटीतील छोटी स्टेपर मोटर लावून पाहिली. पडदा ढिम्म हलला नाही! तेव्हा गणित मांडले. पडदा १.२ मीटर रुंद, १.८ मीटर लांब. चौरस मीटरला ४०० ग्रॅमचे जाड कापड धरले तर त्याचे वजन ८६४ ग्रॅम, आणि खालची पट्टी धरून सुमारे १.२ किलो. नळीचा व्यास ३८ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या १९. वजनाला त्रिज्येने गुणले की पिळाचा जोर निघतो. तो आला सुमारे ०.२२ न्यूटन-मीटर. प्रयोगपेटीतील मोटर देत होती त्याच्या जेमतेम सातवा हिस्सा.

घर्षण, जुने कंस, किंचित वाकडी भिंत यांचा विचार करून गरजेच्या तिप्पट-चौपट जोराची मोटर घेणे चांगले. एक गंमत अशी की पडदा वर जाऊ लागला की गुंडाळी जाड होते, पण लोंबणारे वजन कमी होत जाते. त्यामुळे मोटरीला सर्वांत जड जाते ती सुरुवात. आपल्या घरी विहिरीवर पाणी ओढलेल्यांना पोहरा नेमका उलट अनुभव देत नाही ना, हे त्यांनीच आठवून पाहावे!

वीज दोन तऱ्हांनी देता येते. २३० व्होल्टची तार थेट खिडकीच्या माथ्यापर्यंत न्यावयाची तर भिंत फोडावी लागते. ते काम जाणत्या वायरमनचेच, कारण पावसाळ्यात खिडकीशी ओल असते. आम्ही लिथियम बॅटरीची मोटर घेतली. ती काही महिन्यांनी फोनप्रमाणे चार्ज करावी लागते, परंतु घरची वीज गेली तरी पडदा चालतो.

सूर्याचे वेळापत्रक

मोटर बसली, आता तिला हुकूम कोणी द्यावयाचा? रिमोट असतोच. शिवाय बिनतारी संदेशाने घरातील छोट्या संगणकाशी ती जोडता येते. त्यावर होम असिस्टंट नावाची मोफत प्रणाली चालते. ती २०१३ साली सुरू झाली. तिचा हिशेब घरातल्या घरात होतो, म्हणून इंटरनेट बंद पडले तरी पडदे अडून राहत नाहीत. खरेदीपूर्वी हा प्रश्न दुकानदाराला जरूर विचारावा. आम्ही गेलो त्या पहिल्या दुकानात विचारताच मालक म्हणाले, “हल्ली इंटरनेट जातेच कुठे?” आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो.

पडद्याला नुसते घड्याळ पुरत नाही. मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या आरंभी सात वाजून वीस मिनिटांनी. शिवाय जूनच्या अखेरीस तो नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला बुडतो, आणि डिसेंबरच्या अखेरीस जवळजवळ तितकाच दक्षिणेला. म्हणजे उन्हाळ्यात ज्या खिडकीतून ऊन आत घुसते, ती हिवाळ्यात कोरडी राहू शकते. संगणक गावाच्या अक्षांश-रेखांशावरून सूर्याची दिशा आणि उंची काढतो, आणि ऊन खिडकीसमोर आले की पडदा खाली सोडतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. काचेच्या आतला पडदा उजेड अडवितो, उष्णता मात्र पूर्णपणे अडवीत नाही. कारण ऊन काच ओलांडून आत आलेले असते आणि तापलेला पडदा ती ऊब खोलीतच सोडतो. आपल्या आजोबांचे बाहेर टांगलेले चिकाचे आणि वाळ्याचे पडदे या बाबतीत अधिक शहाणे होते. आतला पडदा लावणारच असाल, तर बाहेरच्या बाजूने पांढरा किंवा चकचकीत असलेला घ्यावा. तो पुष्कळसे ऊन परत पाठवितो.

शेवटचा शब्द कोणाचा?

आमच्या यजमानांनी हौसेने सारे वेळापत्रक बसविले. सूर्य कलला, पडदा खाली. सूर्य मावळला, पडदा वर. पहिल्या आठवड्यात सर्वजण खूष. दुसऱ्या आठवड्यात अण्णा गप्प गप्प दिसू लागले. संध्याकाळी पाच वाजता गुलमोहोरावर साळुंक्या जमतात, त्या पाहावयास ते पडदा वर करीत. आणि दहा मिनिटांत यंत्र तो पुन्हा खाली आणी!

“अहो, पण ऊन येते ना तुमच्या अंगावर!” यजमान म्हणाले.

“येऊ दे. माझे अंग आहे,” अण्णा म्हणाले. “पूर्वी तुम्ही मला न विचारता पडदा ओढायचात, आता तुमचे यंत्र ओढते. मला फरक काय पडला?”

घरात दोन दिवस चर्चा चालली. एकीकडे डॉक्टरांनी सांगितलेली काळजी, दुसरीकडे म्हाताऱ्या माणसाची इच्छा. अखेर नियम ठरला तो असा: अण्णांनी बटन दाबले की दुसऱ्या दिवसाच्या सूर्योदयापर्यंत त्यांच्या खिडकीला वेळापत्रक हात लावणार नाही. नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारे दोन मोठ्या बटनांचे पाटुकले त्यांच्या डाव्या हाताशी खाटेला बसविले. एक वर, एक खाली. फोन नको, बोलून हुकूम देणे नको. बाकीच्या खोल्यांतून सूर्याचे राज्य. या खोलीत अण्णांचे.

करून पाहणाऱ्यांसाठी

खर्चाचे म्हणाल तर आम्हाला मिळालेल्या भावात एका मोटरीच्या पैशांत साधे तीन पडदे आले असते. म्हणून सगळ्या खिडक्यांना एकदम मोटर लावण्याची घाई करू नये. जेथे हात पोहोचत नाही, जेथे आजारी किंवा वृद्ध माणूस आहे, जेथे साखळीशी मूल खेळते, ती खिडकी आधी. नळीचा बाहेरचा नव्हे, आतला व्यास मोजून न्यावा. मोटरीची कडी आणि चाके त्या मापाचीच लागतात. आणि बटन कोणाच्या हाती राहावयाचे, हे मोटर आणण्यापूर्वी ती खोली ज्याची आहे त्यालाच विचारावे.