मुंबईच्या तलावांपासून सुरू झालेली ओळख

मुंबईत लष्करी डॉक्टर असलेले हेन्री जॉन कार्टर १८४० च्या दशकात शहरातल्या तलावांतले स्पंज तपासू लागले. स्पंज वनस्पती की प्राणी, हा वाद तेव्हा पुरता मिटला नव्हता. समुद्र दाराशी असूनही त्यांनी गोडं पाणी निवडलं, याचं आमच्या शहागंजसारख्या समुद्रापासून दूरच्या पेठेत बसून वाचताना फार अप्रूप वाटतं.

१८४९ मध्ये त्यांनी पाच जातींचं वर्णन छापलं. त्यातल्या एकीला त्यांनी युरोपातल्या जातीचं नाव दिलं, पण पुढे प्रश्नचिन्ह ठेवलं. ते प्रश्नचिन्ह मला त्यांच्या निबंधातली सर्वांत मोलाची खूण वाटते. १८६३ मध्ये स्पंजांचे अभ्यासक बॉवरबँक यांनी ती जात निराळी ठरवली आणि तिला कार्टर यांचंच नाव दिलं. आज ती युनापियस कार्टेरी म्हणून ओळखली जाते.

जात ओळखणं असं अवघड, कारण स्पंजचं रूप फसवंच असतं. एकच जात वाहत्या पाण्यात दगडावर पापुद्र्यासारखी पसरते, तर संथ पाण्यात तिचा गोळा होतो. उजेडात शैवालामुळे हिरवी दिसणारी जात सावलीत करडी पडते. म्हणून साक्ष काढायची ती कंटिकांची, म्हणजे सांगाड्यातल्या सूक्ष्म सुयांची. तुकडा नायट्रिक आम्लात उकळला की मांसल भाग जातो आणि सिलिकाच्या सुया उरतात; त्यांची टोकं, काटे, लांबी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. समुद्रातल्या चुनखडी कंटिकांच्या स्पंजांना मात्र हे आम्ल चालत नाही, सुयाच विरघळतात. गोड्या पाण्यात जेम्यूल, म्हणजे उन्हाळ्यात तगून राहणाऱ्या कोशांचं कवचही जात सांगतं.

ओळखीचं आणखी एक दार, रसायनाचं, उघडलं विसाव्या शतकात. रसायनशास्त्रज्ञ वर्नर बर्गमन स्पंजातले स्टेरॉल अभ्यासत होते. १९५० च्या सुमारास त्यांना कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात अनोखे न्यूक्लिओसाइड सापडले. त्यांच्याच धर्तीवर सायटाराबिन हे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध घडलं. १९६९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. तरी निव्वळ रसायनावर जात ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. स्पंजाच्या अंगात असंख्य जिवाणू राहतात, आणि सापडलेलं द्रव्य त्यांचंही असू शकतं.

२०१३ मध्ये जखलेकर आणि घाटे या संशोधकांनी पुणे परिसरातल्या गोड्या पाण्यातल्या पाच स्पंजांची नोंद प्रसिद्ध केली. हर्सूलच्या तलावापासून जायकवाडीच्या जलाशयापर्यंत आपल्या विद्यार्थ्यांनीही असं काम करावं, अशी मनापासून इच्छा आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की दगडांच्या खालच्या बाजू पाहाव्यात. ओला स्पंज मिळालाच, तर अल्कोहोलात टाकण्याआधी रंग आणि पोत लिहून ठेवावा. रंग तिथे टिकत नाही.