घोड्याची नाल का निसटते?

माळेगावच्या खंडोबा यात्रेतून घोडा घेऊन हिंगोलीकडं येणाऱ्यांनी हे वाचाच. नाल पडली की आपण काळ्या रानातल्या चिखलाला दोष देतो. चिखल नाल ओढतो हे खरं, पण बहुतेकदा खरं कारण लांबवलेली नालबंदी असते. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. वाढलेला पुढचा पाय उशिरा उचलला जातो, मागच्या खुराचं टोक पुढच्या नालेच्या मागच्या कडेवर पडतं आणि नाल उपटते. (दाराला ठोकायला ती कामी येते, घोडा मात्र लंगडतो!)

रोज खुराच्या भिंतीवरून बोट फिरवा. वळवलेलं खिळ्याचं टोक टोचलं, तर नाल सैल झालीये. 6 ते 8 आठवड्यांनी नालबंदाला बोलवाच.