विचारल्यावांचून न बोलणारें यंत्र

विचारल्यावांचून बोलूं नये, असा उपदेश आपल्या शास्त्रकारांनीं केला आहे. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडांतील संशोधकांनीं हाच गुण एका यंत्राच्या ठिकाणीं आणला, हें आम्ही आमच्या वाचकांस सांगूं इच्छितों.

शत्रूनें व्यापलेल्या प्रदेशांत रात्रीं छत्रीधारी सैनिक व शस्त्रें नेमक्या जागीं उतरवावयाचीं, तर वैमानिकास ती जागा कळावी कशी? दिवा लावावा तर तो शत्रूसही दिसतो. रॉबर्ट हॅनबरी ब्राउन व जॉन प्रिंगल यांनीं यावर तोड काढली. यांपैकीं हॅनबरी ब्राउन यांचा जन्म १९१६ सालीं आपल्याच देशांत, नीलगिरींतील अरुवंकाडु येथें झाला होता.

त्यांच्या योजनेंत दोन यंत्रें होतीं. विमानांतील तें ‘रिबेका’. जमिनीवरील, बॅटरीवर चालणारें व माणसास वाहून नेतां येण्याजोगें तें ‘युरेका’. या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘मला सांपडलें’ असा आहे. रिबेकानें रेडिओलहरींचा क्षणिक संकेत सोडला कीं युरेका निराळ्या लहरींवर उत्तर देई. एरवीं त्याचें मौन. त्यामुळें शत्रूस त्याचा माग काढणें कठीण जाई. या लहरी सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर धांवतात. म्हणून ३० किलोमीटरांवर जाऊन परत येण्यास त्यांना सेकंदाचा पांच-हजारावा भाग पुरतो. हा काल मोजून अंतर कळे. आणि विमानाच्या कोणत्या बाजूच्या एरियलवर उत्तर अधिक जोरानें येतें, यावरून दिशा कळे.

परंतु हें यंत्र तेथें आधीं नेऊन ठेवावयाचें कोणीं? व्यापलेल्या देशांतील गुप्त कार्यकर्त्यांनीं तें जिवावर उदार होऊन लपविलें व वाहिलें. ५ व ६ जून १९४४ यांमधील रात्रीं नॉर्मंडींत मोजके मार्गदर्शक सैनिक सर्वांच्या आधीं उतरले. ब्रिटिशांच्या ‘के’ मैदानासाठीं निघालेल्यांपैकीं कांहीं जण अंधारांत ‘एन’ मैदानावर उतरविले गेले. तें न कळून त्यांनीं तेथेंच आपलीं यंत्रें व दिवे मांडले. आणि मागून आलेलीं कांहीं विमानें त्या खुणेवर विश्वासून भलत्याच जागीं माणसें उतरवून गेलीं. यंत्र खोटें बोललें नव्हतें. ‘मी येथें आहें’ एवढेंच तें सांगत होतें. ‘येथें’ म्हणजे कोठें, हें जाणणें माणसाकडे होतें.

आज प्रवासी विमानें अशाच प्रश्नोत्तरानें जमिनीवरील केंद्रापासूनचें आपलें अंतर मोजतात. मात्र तें केंद्र कायमचें, मोजून-मापून बसविलेलें असतें. दुसऱ्यास वाट दाखविणाऱ्यानें आपण स्वतः कोठें उभे आहों हें प्रथम तपासावें, हा नियम घरांतील वडीलधाऱ्यांसही तितकाच लागू आहे, असें आम्हांस वाटतें.