सॅम्पल आणलंय का? : नांदेड-लातूरच्या जुन्या गाड्या, त्यांचे पार्ट आणि बॅटऱ्या

जुन्या मोटारींचा विषय निघाला की डोळ्यांसमोर येतात त्या राजेरजवाड्यांच्या गाड्या. आपल्या भागापुरतं बोलायचं तर तो थाट हैदराबादेतच राहिला. निजामाची 1912 ची रोल्स रॉइस आजही तिथल्या चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. संस्थानातल्या सामान्य प्रजेच्या वाट्याला आली ती बस. निजाम सरकारनं 1932 साली 27 गाड्यांनिशी रस्ते वाहतूक सुरू केली, त्या गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या होत्या. नांदेड तेव्हाही जिल्हा होता. लातूर मात्र उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता आणि 1982 मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला.

त्यामुळे आज या दोन जिल्ह्यांत वाड्याच्या पडवीत किंवा शेतातल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली जे सापडतं, ते बहुतेक स्वातंत्र्यानंतरचं असतं : डॉक्टरांची फियाट, पुढाऱ्याची अँबेसेडर, साखर कारखान्याच्या लिलावातून आलेली जीप. त्यांना 'व्हिंटेज' म्हणायला अनेकांची जीभ कचरते. कायदा मात्र कचरत नाही. केंद्र सरकारनं 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये आणि पुनर्नोंदणीला 5,000 रुपये शुल्क आहे. नोंदणी 10 वर्षं चालते आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणजे 1974 ची फियाट आज या व्याख्येत बसते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले नसावेत, ही अट मात्र आहे, आणि तिथूनच पार्टांचा शोध सुरू होतो.

तीन गाड्या, तीन तऱ्हा

सगळ्यांत सोपी अँबेसेडर. 1950च्या दशकाअखेरीपासून मे 2014 पर्यंत ती उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनत राहिली. तिचं जुनं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन ब्रिटिश 'बी सिरीज' घराण्यातलं. त्याच मापाचं इंजिन एमजीए या स्पोर्ट्स कारलाही होतं. त्यामुळे या इंजिनाचे पार्ट भारतात संपले तरी इंग्लंडमधल्या हौशी मंडळींसाठी बनत राहतील, एवढा भरवसा आहे.

फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनली. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये ही कंपनी उभी केली. गाडी बंद झाल्यावरही तिचे पार्ट मिळत राहिले, कारण मुंबईची काळीपिवळी टॅक्सी धावत होती. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली आणि मोठं गिऱ्हाईक गेलं. इंजिनाचा माल अजून मिळतो. काचा, दाराची हँडलं, डॅशबोर्ड आणि रबर बीडिंग यांच्यासाठी मात्र वणवण करावी लागते.

जीप आपल्या मातीतली. महिंद्रांनी 1947 पासून विलिस जीप जोडायला घेतली. पुढे काही डिझेल जीपांना इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन बसलं. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री त्यामुळे अशा जीपला परका नसतो. टायरच्या बाबतीत मात्र हे नातं घातक ठरतं. जुन्या जीपचं 6.00-16 हेच माप ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही असतं. दुकानात ते लगेच मिळतं, स्वस्तही पडतं. पण तो टायर शेतातल्या संथ चालीसाठी केलेला असतो. डांबरी रस्त्यावर वेगात तो जीपला लावणं म्हणजे जिवाशी खेळ.

बाजार कुठला?

नांदेडकरांची पहिली धाव हैदराबादकडे. सिकंदराबादचं राणीगंज हे यंत्रं, अवजारं आणि पार्टांचं जुनं ठाणं. दिल्लीचं कश्मिरी गेट लांब खरं, पण सचखंड एक्सप्रेस नांदेडहून थेट दिल्लीला जाते. लातूरकरांना मुंबई-पुण्याची सवय. कुर्ल्याचं भंगार, चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार ही त्यांची ठिकाणं.

कुठेही जा, काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला : "सॅम्पल आणलंय का?" गाडीचं नाव आणि साल सांगून फारसं काही हाती लागत नाही. तुटका, झिजलेला का असेना, जुना पार्ट हातात असावा लागतो. तो नसेल तर माप तरी हवं. बेअरिंग तर नावानं विकलंच जात नाही, नंबरानं विकलं जातं. 6203 नंबरचं बेअरिंग पाण्याच्या मोटारीत बसतं, तसं हाच नंबर लागणाऱ्या डायनॅमोतही बसतं. ऑइल सीलला आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी एवढं पुरतं. बोल्टांचे आटे मात्र तपासावेत. ब्रिटिश, अमेरिकन आणि मेट्रिक आटे दिसायला सारखे असतात, पण जबरदस्तीनं आवळले की नट आणि ब्लॉक दोन्ही वाया जातात.

खरेदीत एक नियम कायम पाळावा : धातूचा माल जुना चालेल, रबराचा नवाच हवा. सीलबंद डब्यातला तीस वर्षांपूर्वीचा गिअर सोन्यासारखा असतो. त्याच डब्यातलं ब्रेकचं रबर किट कडक होऊन तडकलेलं असतं, आणि ते कळतं नेमकं घाट उतरताना.

खरा कारखाना गावातच

या आढाव्यातला मुख्य मुद्दा हा की, मराठवाड्यातल्या जुन्या गाडीचं अर्धं सामान बाजारात शोधायची गरजच नाही. ते तालुक्याच्या गावी तयार होतं. जिथे बोअर आणि विहिरी आहेत तिथे मोटार वायंडिंगचं दुकान आहेच. जळलेला पंप भरून देणारा कारागीर डायनॅमोचं फिल्ड कॉइल आणि सेल्फचं आर्मेचरही भरू शकतो. तारेचा गेज आणि वेढे मोजून घ्यायला मात्र त्याला वेळ द्यावा लागतो. ट्रॅक्टरचे रेडिएटर झाळणारा पितळी टाकीला डाग देतो आणि नवा तांब्याचा कोअर बसवतो. ट्रकचे पाटे बनवणारा जीपचेही पाटे वाकवून देतो. लेथवर किंगपिनचे बुश, पंपाचा शाफ्ट, ब्रेक सिलेंडरचं स्लीव्ह निघतं. बोअरिंगवाला सिलेंडर वीस, चाळीस किंवा साठ थाउ (हजारांश इंच) मोठा करतो, आणि त्यापुढे गेलं तर लायनर टाकतो. शेतीनं पोसलेलं हे कसब मोठ्या शहरातल्या मोटारहौशीला हेवा वाटावा असं आहे.

बॅटरीची गोष्ट वेगळी

बॅटरी घडवता येत नाही. लेड-ॲसिड बॅटरीचा एक सेल साधारण दोन व्होल्ट देतो. तीन सेलांची सहाची आणि सहा सेलांची बाराची. अँबेसेडर आणि फियाट बारा व्होल्टवर चालतात, त्यांची चिंता नाही. 1950च्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या बऱ्याच अमेरिकन गाड्या, जुन्या विलिस आणि बीटल सहा व्होल्टवर. मोटारसायकलची सहा व्होल्टची बॅटरी त्यांच्यापुढे चिमुकली ठरते, कारण व्होल्ट निम्मे असले की त्याच कामाला करंट दुप्पट लागतो. म्हणून केबलही जाड हव्यात. पूर्वी डांबराचं तोंड उघडून प्लेटा बदलून देणारे बॅटरीवाले होते. प्लास्टिकचे सीलबंद डबे आले आणि ते काम संपलं. आता मोठ्या शहरातून मागवायची तर 'ड्राय चार्ज्ड' मागवावी आणि ॲसिड गावात भरावं, म्हणजे प्रवासात सांडायची भीती नाही. गाडीच बारा व्होल्टवर नेता येते, पण मग बल्ब, कॉइल, डायनॅमो सगळंच बदलावं लागतं आणि मूळपण जातं.

जुन्या ब्रिटिश गाड्यांत आणखी एक गोम आहे : पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. नव्या मिस्त्रीनं सवयीनं निगेटिव्ह जोडलं तर ॲमीटर उलटा फिरतो आणि डायनॅमोही बिघडू शकतो.

लोडशेडिंगच्या काळात गल्लोगल्ली इन्व्हर्टरचा धंदा वाढला, म्हणून घरची ट्यूब्युलर बॅटरी गाडीला लावायचा मोह होतो. ती हळूहळू करंट देण्यासाठी असते. सेल्फला क्षणभर मोठा झटका लागतो, आणि तिथे ती कमी पडते.

उभ्या गाडीची बॅटरी उन्हाळ्यात लवकर मरते. मे महिन्यात नांदेडचा पारा चाळिशीपार गेला की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग वाढतो, पाणी उडतं आणि प्लेटांवर सल्फेट बसतं. भरलेल्या बॅटरीला 12.6 व्होल्ट दिसले पाहिजेत. 12.2 दिसले तर ती निम्मी उतरली आहे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर अर्थची केबल काढावी आणि अधूनमधून चार्ज करावं. पाणी डिस्टिल्डच हवं. बोअरचं जड पाणी बॅटरीत प्लेटा खातं आणि रेडिएटरमध्ये क्षार धरतं.

नवं इंधन, नवे नियम

पेट्रोलमधलं शिसं 2000 साली गेलं. आता 20 टक्के इथेनॉल आलं आहे, आणि त्यातलं काही आपल्याच ऊसपट्ट्यातलं. शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात हे चांगलंच. जुन्या फ्युएल पंपाचा डायफ्राम आणि रबरी नळ्या मात्र त्यानं फुगतात. इथेनॉल ओलही ओढून घेतं, त्यामुळे टाकी गंजते. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालाव्यात आणि गाडी टाकीत पेट्रोल ठेवून महिनोन्‌महिने उभी करू नये.

दुसरा बदल पार्टांच्या मुळावर येणारा आहे. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होते आणि ती मोडीत निघतात. लिलावातली जीप विकत घेऊन तिचे पार्ट काढून ठेवण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली. बॅटरीबद्दल 2022 चे नियमही स्पष्ट आहेत : जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. वजनावर भंगारवाल्याला देऊन ॲसिड नाल्यात ओतू देण्यापेक्षा ती दुकानदारालाच परत द्यावी.

पार्टांपेक्षा माणसांची टंचाई आधी येणार आहे. वायंडिंगवाले, टर्नर, रेडिएटरवाले आता साठीला आलेत आणि पोरं त्या कामाला बसत नाहीत. तेव्हा गाडी ठेवणाऱ्यांना एवढंच सांगणं : जुना पार्ट फेकू नका. एका वहीत बेअरिंगचे नंबर, सीलची मापं, आट्यांचा प्रकार, आर्मेचरचे वेढे लिहून ठेवा, आणि कारागीर हाताशी आहे तोवर त्याच्याकडून ती वही तपासून घ्या.