दानासाठी दौड, पण आधी सराव

नवा गोऱ्हा आपण पहिल्याच दिवशी दिवसभर नांगराला जुंपत नाही. सत्कार्याला निधी मिळावा म्हणून मॅरेथॉन, म्हणजे सुमारे ४२ किलोमीटर, धावू इच्छिणाऱ्याने आपल्या देहाशीही तसेच वागावे.

कॅनडाच्या टेरी फॉक्सचा उजवा पाय १९७७ साली हाडाच्या कर्करोगामुळे कापावा लागला. कृत्रिम पायावर त्याने वर्षाहून अधिक काळ सराव केला. मग १९८० साली तो १४३ दिवस, रोज जवळजवळ एक मॅरेथॉन, धावला. रोग फुप्फुसांत पसरल्याने त्याला थांबावे लागले व १९८१ साली तो वारला. परंतु कर्करोग-संशोधनासाठी २ कोटी ४० लाख डॉलर जमले.

शेतात राबणारे आपण म्हणू, आमचे पाय पक्केच आहेत. परंतु धावताना प्रत्येक पावलावर देहाच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार पडतो. दम लवकर वाढतो, हाडे सावकाश बळावतात. म्हणून प्रथम भरभर चालावे, मग थोडे धावावे. अंतर दर आठवड्याला थोडेच वाढवावे, आठवड्यातून एकदा लांब धावावे व एक दिवस विसावा घ्यावा. नवशिक्याला निदान सहा महिने हवेत. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर तत्काळ थांबून डॉक्टरांना दाखवावे. दान उद्याही देता येईल.