खांद्यावरच्या वस्त्राची कहाणी

नाताळच्या दिवशी प्रार्थनामंदिराकडे निघालेल्या ख्रिस्ती भगिनींकडे पाहिले असता त्यांच्या वेषातील एक मर्यादा सहज नजरेत भरते. कोणी मस्तकावरून पदर घेतलेला, कोणी ओढणी. अंग सर्वत्र झाकलेले. हा केवळ देशाचार नव्हे, त्यामागे शास्त्राज्ञा आहे. संत पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रार्थनेच्या वेळी स्त्रीने मस्तक झाकावे असा उपदेश आहे. आणि तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रियांनी गुंफलेले केस, सोने, मोती व मोलाची वस्त्रे यांनी नव्हे, तर विनयाने आणि सत्कृत्यांनी स्वतःस भूषवावे असे सांगितले आहे.

या ठिकाणी मूळ ग्रीक भाषेत ‘ऐदोस’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ लज्जा. आमच्या अमरसिंहाने या बाबतीत मोठा सूक्ष्म भेद केला आहे. जी आतून उपजते ती ह्री अथवा लज्जा. जी दुसऱ्यामुळे उत्पन्न होते ती अपत्रपा. पौलाचा रोख पहिलीकडे आहे, असे आम्हांस वाटते. तीमथ्य तेव्हा इफिसस नगरीत होता. तो उपदेश प्रथम ऐकणाऱ्यांत मोती मिरवू शकणाऱ्या स्त्रिया होत्या हे उघड आहे. एरवी मोत्यांचा निषेध करण्याचे कारणच काय? ज्यांच्यापाशी पुष्कळ होते त्यांना ‘आवरा’ असे सांगणे झाले.

परंतु हाच उपदेश आपल्या भरतभूमीत अशा स्त्रियांच्या कानी पडला, की ज्यांना अंग झाकण्याचीच मनाई होती.

कन्याकुमारी व शुचींद्रम् यांची यात्रा केलेल्या वाचकांना नागरकोविल हे गाव ठाऊक असेल. आज ते तमिळनाडूत आहे. १९४९ पर्यंत तो मुलूख त्रावणकोर संस्थानात मोडत असे. तेथील कित्येक देवळांत पुरुषांना आजही अंगरखा उतरवूनच आत जावे लागते. उघडे अंग हे त्या देशी आदराचे चिन्ह होय. देवापुढे आणि श्रेष्ठांपुढे उत्तरीय उतरावे, असा तिकडचा जुना रिवाज. उच्चकुलीन नायर स्त्रियाही त्यास अपवाद नव्हत्या. तेव्हा उघडेपणातच लाज होती असे समजणे भ्रममूलक ठरेल. खरी मानखंडना सक्तीत होती. देवापुढे क्षणभर उत्तरीय उतरणे निराळे आणि रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येक वरिष्ठापुढे ते कधी घेताच न येणे निराळे. ताडाच्या झाडांवर उपजीविका करणाऱ्या, तेव्हा शाणार म्हणविल्या जाणाऱ्या नाडार समाजातील स्त्रियांच्या वाट्यास हे दुसरे आले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या समाजातील पुष्कळ कुटुंबे लंडन मिशनरी सोसायटीच्या उपदेशकांच्या द्वारा ख्रिस्ती झाली. १८१२ ते १८१४ या काळात संस्थानचे दिवाण व रेसिडेंट कर्नल जॉन मन्रो यांनी ख्रिस्ती झालेल्या स्त्रियांना ‘कुप्पायम’ नावाची बंडी वापरण्यास मोकळीक दिली. (मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो ते हे नव्हेत.) सीरियन ख्रिस्ती आणि मोपला स्त्रिया अशीच बंडी घालीत. मिशनऱ्यांच्या दृष्टीने शास्त्राज्ञा पाळली गेली, प्रश्न मिटला. मार्था माल्ट या मिशनरीपत्नीने नागरकोविलात मुलींची शाळा चालविली व तेथे लेस विणण्याची कला शिकविली. शिवणटिपणही त्या ओघाने आलेच.

पण प्रश्न मिटला नाही. त्या स्त्रियांना नुसती बंडी नको होती. उच्च जातींच्या स्त्रिया खांद्यावरून जे वस्त्र घेत, ते बंडीवरून घेण्यास त्यांनी आरंभ केला. आम्हांस या कथेतील मर्म येथे दिसते. विनयासाठी बंडी पुरेशी होती. त्यांना विनयाबरोबर मानही हवा होता. उपदेशकांनी एक धडा दिला, स्त्रियांनी त्याच्या पुढचा आपणच गिरवला.

मग जे व्हावयाचे ते झाले. १८२२ पासून भर बाजारात या स्त्रियांची वस्त्रे फाडण्याचे प्रकार सुरू झाले. प्रार्थनागृहे व शाळा यांस आगी लावण्यात आल्या. १८२९ च्या फेब्रुवारीत निघालेल्या राजाज्ञेने खांद्यावरच्या वस्त्राची मनाई कायम केली. ख्रिस्ती स्त्रियांना बंडी तेवढी ठेवली. अंगावरचे वस्त्र ओढले जाणे म्हणजे काय, हे सभापर्वाची कथा ऐकत वाढलेल्या घरांना आम्ही काय सांगावे! मात्र येथे एक राजसभा नव्हती. आठवड्याचे बाजार होते, आणि प्रसंग तीस-पस्तीस वर्षे पुनःपुन्हा घडत राहिला.

हा कलह केवळ ख्रिस्ती मंडळींचा होता, असेही नव्हे. त्याच समाजात, त्याच मुलखात, स्वामितोप्पू येथे अय्या वैकुंडर (१८०९–१८५१) हे सत्पुरुष होऊन गेले. त्यांनी पुरुषांना पागोटे बांधून उपासनेस बसण्यास सांगितले. पागोटे बांधणे हाही तेव्हा वरिष्ठांचाच अधिकार होता. त्यांच्या पंथात ती चाल अद्याप आहे. धर्म भिन्न, पण दुखणे एकच होते.

१८५८ च्या अखेरीस पुन्हा दंगली उसळल्या. त्या वेळी संस्थानचे दिवाण होते टी. माधवराव, कुंभकोणम् येथे जन्मलेले, तंजावरच्या मराठी ब्राह्मण कुळातील; पुढे इंदूर व बडोदे येथील दिवाणगिरीमुळे आपल्याकडे प्रसिद्धी पावलेले. एवढ्या थोर प्रशासकाच्या हातूनही हा प्रश्न आपण होऊन सुटला नाही. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी दरबारास कडक शब्दांत लिहिले, तेव्हा कोठे २६ जुलै १८५९ रोजी महाराज उत्रम तिरुनाळ मार्तंड वर्मा यांचा जाहीरनामा निघाला.

त्याचा आशय लक्षात घेण्याजोगा आहे. ख्रिस्ती भगिनींप्रमाणे बंडी घालावी, अथवा कोळणींप्रमाणे जाडेभरडे वस्त्र गुंडाळावे, अथवा अन्य कोणत्याही रीतीने छाती झाकावी. फक्त उच्च जातींच्या स्त्रियांसारखे वस्त्र घेऊ नये. म्हणजे देह झाकण्यास अनुमती मिळाली, खांद्यावरचे ते मानाचे वस्त्र मात्र दरबाराने राखूनच ठेवले. तरीही १८२९ ची आज्ञा आणि ही आज्ञा यांत एक मोठे अंतर आहे. पहिलीत मोकळीक होती ती ख्रिस्ती स्त्रियांपुरती. दुसरीत नाडार समाजातील सर्व धर्मांच्या स्त्रियांचा उल्लेख आहे. ख्रिस्ती भगिनींनी तीस-पस्तीस वर्षे जे सोसले त्याचे फळ त्यांच्या हिंदू शेजारणींच्याही पदरात पडले.